आठ व्यंजनांची भाषा

होनोलुलुला भाचीकडे दोन महिने राहायला गेले होते, तेव्हाची गोष्ट. तिच्या घराला पुढच्या बाजूने एक उघडा व्हरांडा आहे. तिथले सगळे त्याला “लनाय” म्हणतात. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. वयाने मोठ्या बाईला तिकडेही आपल्यासारखंच “आंटी” म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना आंटी म्हणे. मीही म्हणू लागले. एका संध्याकाळी मी कुंपणावरून त्यांना म्हटलं, “या ना, लनायवर बसून चहा घेऊ.” त्या मनापासून हसल्या. म्हणाल्या, “येईन की. पण तू म्हणतेस तिथे जायचं तर मला विमानाचं तिकीट काढावं लागेल.”

मग त्यांनी मला तोच शब्द दोनदा म्हणून दाखवला. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा शेवटच्या “इ”च्या आधी घशात क्षणभर थबकून. पहिल्याचा अर्थ व्हरांडा. दुसरं एका बेटाचं नाव, समुद्र ओलांडल्यावर लागणारं. माझा उच्चार या दोन्हींपैकी कुठलाच नव्हता. तो इंग्रजीतून आलेला तिसराच होता.

भाषाशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. वर्गात “स्वनिम” ही संज्ञा फळ्यावर किती वेळा लिहिली असेल, याची गणती नाही. पण दोन शब्दांमधलं सगळं अंतर घशातल्या एका थबकण्यात असतं, हे कानाला असं टोचलं नव्हतं. उरलेल्या दिवसांत मी आंटींकडून आणि पुस्तकांतून हवाईयन भाषेची ध्वनिव्यवस्था शिकले. हा लेख त्या शिकण्यातून आला आहे.

एका पाटीवर मावणारी बाराखडी

शाळेत आपण चौतीस व्यंजनं घोकतो. हवाईयन भाषेत व्यंजनं फक्त आठ आहेत: प, क, ह, म, न, ल, व आणि आठवं ते घशातलं थबकणं. त्याला “ओकिना” म्हणतात. या लेखात ते मी ’ या चिन्हाने दाखवणार आहे. स्वर पाच: अ, ए, इ, ओ, उ. हे पाचही स्वर ह्रस्व असतात तसे दीर्घही असतात. दीर्घ स्वराच्या डोक्यावर रोमन लिपीत आडवी रेघ देतात, तिचं नाव “कहकोऽ”.

ओकिना म्हणजे नेमकं काय? श्वास बाहेर पडत असताना घशातल्या स्वरतंतूंनी क्षणभर दार लावायचं आणि लगेच उघडायचं. तोंड मिटून मान हलवत हट्टी मूल “अँ-अँ” करतं, तेव्हा दोन “अँ”च्या मध्ये जी तुटक जागा येते ती हीच. आपल्या घशाला हा ध्वनी नवा नाही. आपण त्याला वर्णमालेत जागा दिलेली नाही, एवढंच. हवाईयन भाषेत मात्र तो क आणि म यांच्या बरोबरीचं पुरतं व्यंजन आहे.

ध्वनी जोडण्याचे नियमही मोजकेच. एका अक्षरात फार तर एक व्यंजन, त्यामागे स्वर. जोडाक्षर नाही. शब्दाच्या शेवटी व्यंजन नाही, म्हणजे पाय मोडायचा प्रश्नच येत नाही. परका शब्द या घरात आला की त्याला इथलेच कपडे घालावे लागतात. इंग्रजी “बुक” इथे “पुके” होतं, कारण ब नाही आणि शब्द क् वर थांबत नाही. “मेरी ख्रिसमस” या शुभेच्छेचं रूप “मेले कलिकिमक” असं होतं. र नाही म्हणून ल आला, स नाही म्हणून क आला, आणि प्रत्येक जोडाक्षराच्या मध्ये एक स्वर येऊन बसला. गंमत म्हणून मी आपली गावं या नियमांतून काढून पाहिली. रत्नागिरीचं “लकनाकिलि” झालं आणि सदाशिव पेठेतल्या सदाशिवाचं “ककाकिव”. आंटींना दोन्ही नावं फार आवडली.

असं काही ऐकलं की हसू येतं आणि मनात एक चोरटा विचारही येतो: एवढ्या थोड्या ध्वनींत माणसांचं भागतं कसं? एकोणिसाव्या शतकातल्या अनेक परदेशी लोकांना हाच प्रश्न पडला होता आणि त्यांनी त्याचं उत्तरही देऊन टाकलं होतं: ही बालिश, अविकसित भाषा आहे. पण उत्तर वेगळं आहे, आणि ते साध्या हिशेबातून निघतं.

आठ व्यंजनं आणि “व्यंजनच नाही” हा नववा पर्याय, गुणिले दहा स्वर: म्हणजे फार तर नव्वद साधी अक्षरं. “अइ”, “अउ” अशा संयुक्त स्वरांची थोडी भर पडते, ती वेगळी. अक्षरं कमी असली की दोन गोष्टी होतात. शब्द लांब होतात: तिथल्या खडकाळ किनाऱ्यावरच्या एका माशाचं नाव “हुमुहुमुनुकुनुकुआपुअ’अ” असं आहे, शेवटच्या भागाचा अर्थ डुकरासारखा. आणि दुसरं म्हणजे, जे थोडे भेद हाताशी आहेत त्यांच्यावर फार मोठा भार येतो. मोठ्या वाड्यात एखादा खांब काढला तरी छप्पर टिकतं. चार खांबांच्या मांडवात तसं चालत नाही. हवाईयन भाषेत ओकिना आणि दीर्घ स्वर हे असे खांब आहेत.

कनक आणि कानक

आता उदाहरणं. ती देवनागरीत कशी लिहायची, यावर माझा बराच वेळ गेला. तो का गेला हे सांगण्यासारखं आहे.

“माणूस” यासाठी हवाईयन शब्द आहे कनक. तो देवनागरीत असा लिहिला तर मराठी माणूस तो “कनक्” असा वाचणार, कारण शब्दाच्या शेवटचा अ आपण बोलताना गाळतो. तो गळू नये म्हणून “कनाका” लिहावं, तर ह्रस्व-दीर्घाचा भेद बुडाला. ए आणि ओ यांना तर आपल्याकडे ह्रस्व-दीर्घ अशी दोन चिन्हंच नाहीत. शेवटी मी संस्कृतचा आधार घेतला. श्लोक म्हणताना आपण “कनक” शब्दातले तिन्ही अ पूर्ण उच्चारतो. या लेखातले हवाईयन शब्द वाचकांनी तसेच म्हणावेत. म्हणजे कनक हे क-न-क, तीन मोकळी अक्षरं.

कनक म्हणजे एक माणूस. पहिला स्वर लांबवला की कानक, म्हणजे माणसं. वहिने म्हणजे स्त्री, वाहिने म्हणजे स्त्रिया. मकुअ म्हणजे आई किंवा वडील, माकुअ म्हणजे आईवडील. असे शब्द थोडेच आहेत, पण नात्यागोत्याचे, रोजच्या वापरातले आहेत. एका स्वराच्या लांबीत इथे सगळं अनेकवचन सामावलं आहे.

मराठी वाचकाला ह्रस्व-दीर्घ म्हटलं की शाळेतला शुद्धलेखनाचा तास आणि वहीवरच्या तांबड्या खुणा आठवतात. आपल्याकडे “दिन” आणि “दीन” यांत कागदावर फरक आहे, पण रोजच्या बोलण्यात तो कितीसा ऐकू येतो? मराठीत इकार-उकाराची लांबी बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवर ठरते. म्हणूनच ते नियम पाठ करावे लागतात आणि तरी चुकतात. हवाईयन भाषेत उलटं आहे. तिथे लांबी तोंडात आहे, कानात आहे. लहान मूलही कनक आणि कानक यांत गोंधळ करत नाही. पण कागदावर ती लांबी दीड शतक जवळपास नव्हतीच.

ओकिनाची उदाहरणं याहून बोलकी आहेत. पउ म्हणजे संपलं, प’उ म्हणजे काजळी. अल म्हणजे वाट, ’अल म्हणजे सुगंध. लानइ म्हणजे आमचा व्हरांडा, लान’इ म्हणजे ते बेट. आणि सर्वांत महत्त्वाची जोडी: को’उ म्हणजे माझं, कोउ म्हणजे तुझं. माझं आणि तुझं यांच्यामध्ये तिथे फक्त एक थबकणं आहे.

हरवलेल्या “क”ची जागा

हा घशातला ध्वनी आला कुठून? त्यासाठी भाषेच्या नातेवाइकांकडे पाहावं लागतं.

हवाईयन ही ऑस्ट्रोनेशियन कुळातली भाषा. या कुळात हजाराहून अधिक भाषा आहेत, आणि त्यांचा विस्तार पश्चिमेला आफ्रिकेजवळच्या मादागास्करपासून पूर्वेला ईस्टर बेटापर्यंत आहे. अभ्यासक या कुळाचं मूळ तैवानकडे नेतात. बोटी घेऊन निघालेल्या या लोकांनी शब्दही बरोबर नेले. पाच या संख्येला मलायात “लिमा”, सामोअन आणि हवाईयन भाषांत “लिम” आणि माओरीत “रिम” असं रूप येतं. पॉलिनेशियात त्याचा अर्थ हातही होतो. डोळ्याला मलायात “माता” म्हणतात. प्रसिद्ध हेर माता हारी हिचं टोपणनाव याच भाषेतलं. माता म्हणजे डोळा, हारी म्हणजे दिवस, आणि दिवसाचा डोळा म्हणजे सूर्य. सामोआत आणि न्यूझीलंडच्या माओरी भाषेत डोळा “मत” आहे. हवाईत मात्र “मक”.

एक शब्द वेगळा दिसला तर तो योगायोग म्हणता येईल. पण पुढे पाहू. माणूस हा माओरीत “तङत” आहे, हवाईत “कनक”. निषिद्ध या अर्थाचा “तपु” हवाईत “कपु” झाला. याच शब्दाचं टोंगा बेटांवरचं रूप कॅप्टन कुकच्या प्रवासवर्णनातून इंग्रजीत गेलं आणि आज आपण “टॅबू” म्हणतो. हवाईत रस्त्याने जाताना खाजगी जागांच्या फाटकांवर “कपु” अशी पाटी दिसते: आत येऊ नये. जिथे जिथे इतर भाषांत त आहे, तिथे तिथे हवाईत क आहे. ध्वनी बदलतात तेव्हा असे शिस्तीत बदलतात. एकोणिसाव्या शतकातल्या तौलनिक भाषाशास्त्राने दिलेली ही मोठी शिकवण आहे.

मग मूळच्या क चं काय झालं? माओरीत मासा “इक” आहे, मलायात “इकान”. हवाईत आणि सामोआत तो “इ’अ” आहे. माओरीत होडी “वक”, हवाईत “व’अ”. म्हणजे आधी क मागे सरकत घशात गेला आणि त्याचा ओकिना झाला. क ची जागा रिकामी झाली आणि त्या जागेवर त येऊन बसला. ओकिना म्हणजे ध्वनीचा अभाव नव्हे. तिथे पूर्वी एक क होता. “हे नुसतं थांबणं आहे, लिहिलं नाही तरी चालेल” असं कोणी म्हटलं, तर तो शब्दातला एक वर्णच खोडत असतो.

हे सगळं फार जुनं आहे असंही नाही. सामोअन भाषेत आजही औपचारिक बोलण्यात त असतो आणि घरगुती बोलण्यात त्याच शब्दांत क येतो. हवाईतही नि’इहउ नावाच्या छोट्या बेटावर लोक क च्या जागी सहज त म्हणतात. अर्थ बदलत नाही.

बोस्टनहून दोन जहाजं

इथे आपल्या घराशी एक खरा धागा जुळतो, आणि तो मला अनपेक्षित होता.

बोस्टनमधल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची स्थापना १८१० मध्ये झाली. तिचे पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ मध्ये मुंबईत उतरले. तेच पुढचं अमेरिकन मराठी मिशन. मराठी मुद्रणाच्या इतिहासात त्यांच्या छापखान्याचं स्थान आपल्याला माहीत आहे. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं “ज्ञानोदय” त्यांचंच. याच संस्थेची दुसरी तुकडी १८२० मध्ये हवाईला पोहोचली.

मुंबईत आलेल्यांपुढे अक्षरं ठरवायचा प्रश्न नव्हता. देवनागरी तयार होती, आणि तिच्यामागे हजारो वर्षांचा ध्वनिविचार होता. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य ही मांडणी होती. हवाईला गेलेल्यांपुढे लिपीच नव्हती, होती फक्त बोलणारी माणसं. त्याआधी कुकच्या लोकांनी १७७८ मध्ये कानाला आलं तसं लिहून ठेवलं होतं. हवाईचं त्यांनी “ओव्हायही” केलं होतं. त्यातला सुरुवातीचा “ओ” हा नावाचा भागच नव्हे. तो “’ओ” हा व्याकरणातला शब्द, “हे हवइ’इ आहे” या वाक्यातला.

मिशनऱ्यांनी ७ जानेवारी १८२२ रोजी होनोलुलुला पहिला मजकूर छापला. पण शब्द कसे लिहायचे यावर एकमत होईना. एकाला त ऐकू येई, दुसऱ्याला क. एकाला ल, दुसऱ्याला र, तिसऱ्याला द. होनोलुलु “होनोरुरु” असंही लिहिलं जाई. शेवटी १८२६ मध्ये त्यांनी चक्क मतदान घेतलं. ब, द, र, त आणि व्ह यांची अक्षरं गेली. प, ल, क आणि व यांची राहिली. पाच स्वर आणि सात व्यंजनं अशी बारा अक्षरांची वर्णमाला ठरली.

वर्गात शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नसतं. स्वनिम म्हणजे काय? ज्या फरकाने त्या भाषेत अर्थ बदलतो, तो फरक. आपण मराठी माणसं इंग्रजी बोलताना “व्ह” आणि “डब्ल्यू” यांत फरक करत नाही, कारण आपल्याला एकच व पुरतो. उलट इंग्रजांना आपल्या क आणि ख मधला फरक चटकन ऐकू येत नाही. कान त्याच्या पहिल्या भाषेने घडवलेला असतो. मिशनऱ्यांच्या इंग्रजी कानाला त आणि क वेगळे वाटले, पण हवाईयन माणसाला ते एकच होते. ही गोष्ट मिशनऱ्यांनी ओळखली आणि स्वतःच्या कानाविरुद्ध मत दिलं, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

पण त्याच कानाला जे भेद इंग्रजीत नाहीत ते मात्र निसटले. दीर्घ स्वर लिहिले गेले नाहीत. ओकिनाला अक्षराचा मान मिळाला नाही. हवाईयन बायबल १८३९ मध्ये पूर्ण झालं. त्यात “माझं” आणि “तुझं” यांची गल्लत होऊ नये म्हणून को’उ मध्ये वरचा स्वल्पविराम देत, एवढंच. ओकिना हे खरं व्यंजन आहे असं विल्यम अलेक्झांडर यांनी १८६४ मध्ये आपल्या व्याकरणात स्पष्ट मांडलं, तरी छापील लेखन तसंच चालू राहिलं.

चिन्हांवाचून चाललं, कारण आवाज होता

त्या काळी यात कोणाला अडचण वाटली नाही, हेही खरं. हवाईयन लोक फार झपाट्याने साक्षर झाले. बाळशास्त्री जांभेकरांचं “दर्पण” १८३२ मध्ये निघालं. त्यानंतर दोनच वर्षांनी हवाईयन भाषेतलं पहिलं वृत्तपत्र निघालं, त्याच्या नावाचा अर्थ हवाईचा दिवा असा. पुढच्या शतकभरात या छोट्या भाषेत शंभरावर वृत्तपत्रं निघाली. त्यांची सुमारे सव्वा लाख पानं आज शिल्लक आहेत. वंशावळी, दंतकथा, मासेमारीचं ज्ञान, राजकारण, शोकगीतं, वाचकांची भांडणं: सगळं त्यांत आहे. आणि जवळजवळ सगळं ओकिना आणि कहकोऽ यांच्याविना छापलेलं.

आपल्याकडे मोडी तशीच होती. मोडीत ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्दही सुटे करत नाहीत. कारकुनाला त्याची गरज नव्हती, कारण भाषा त्याच्या तोंडात होती आणि अक्षरं फक्त आठवण करून देत होती. आज पेशवाईतला कागद वाचताना आपण अडखळतो, ते अक्षर ओळखता येत नाही म्हणून आणि तितकंच त्या काळचं बोलणं आपल्या कानात नाही म्हणून. तरी आपण मराठीच बोलतो. मधली साखळी तुटलेली नाही.

हवाईत ती जवळजवळ तुटली. राणी लिलि’उओकलनि यांचं राज्य १८९३ मध्ये उलथवलं गेलं. १८९६ मध्ये शाळांचं माध्यम इंग्रजीच असावं असा कायदा झाला. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेला जोडली गेली. शाळेत मातृभाषेतला शब्द तोंडातून निघाला म्हणून शिक्षा झाल्याच्या आठवणी त्या पिढीतल्या अनेकांनी सांगून ठेवल्या आहेत. मुलांचं भलं व्हावं म्हणून आईबापांनी घरीही इंग्रजी धरली. १९८०च्या सुमारास ही भाषा बोलणारी मुलं पन्नासही उरली नव्हती असं सांगतात. भाषा सलगपणे टिकली ती नि’इहउवर. ते बेट खाजगी मालकीचं आणि जगापासून बाजूला पडलेलं.

१९७८ मध्ये राज्यघटनेत बदल होऊन हवाईयनला राजभाषेचा दर्जा मिळाला. १९८४ मध्ये फक्त हवाईयन बोलणारी पहिली बालवाडी कउअ’इ बेटावर सुरू झाली. शाळांमधली बंदी १९८६ मध्ये उठली, आणि पुढच्या वर्षी सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग आले. आज मुलं या भाषेत बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत शिकू शकतात.

पण ही मुलं आणि त्यांचे शिक्षक भाषा मुख्यतः कागदावरून शिकले. ज्याच्या कानात आवाज आहे त्याला चिन्ह लागत नाही. ज्याच्या कानात नाही त्याला चिन्हाशिवाय दुसरा आधार नाही. म्हणून १९५७ मध्ये निघालेला मेरी कवेन पुकुइ आणि सॅम्युएल एल्बर्ट यांचा कोश एवढा मोलाचा ठरला. पुकुइबाईंचा जन्म १८९५चा. भाषा त्यांना आजीकडून मिळालेली होती, आणि त्यामुळे प्रत्येक शब्दात थबकायचं कुठे, लांबवायचं कुठे, हे त्या सांगू शकल्या. बिशप संग्रहालयात काम करताना त्यांनी म्हाताऱ्या माणसांचे आवाज ध्वनिफितींवर घेऊन ठेवले. १९७२ ते १९८८ या काळात लॅरी किमुरा यांनी रेडिओवर एक कार्यक्रम चालवला. त्यात ते जन्मापासून हवाईयन बोलणाऱ्या वृद्धांना बोलतं करत. त्या मुलाखती आज विद्यार्थ्यांना ऐकायला मिळतात. मी काही ऐकल्या. अर्थ फारसा कळला नाही, पण लय कळली. ओकिना तिथे प्रत्येक वेळी ठसठशीत येत नाही. भरभर बोलताना तो इतका हलका होतो की पुस्तकी कानाला तो गळाल्यासारखाच वाटतो.

नव्या बोलणाऱ्यांवरचा एक आक्षेप यातूनच येतो. ते प्रत्येक ओकिना टाचणी टोचल्यासारखा म्हणतात, क आणि प यांत इंग्रजीसारखी हवा सोडतात, ए आणि ओ इंग्रजी वळणाने ओढतात. नि’इहउच्या काहींना तर ही चिन्हंच अनावश्यक वाटतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं. घरात भाषा असलेल्याला चिन्हांची गर्दी खुपणारच. आणि घराबाहेरून परत आलेल्याला खुणेच्या दगडांवाचून वाट सापडणार नाही.

आपल्या खडकातले दोन शब्द

हवाईयन भाषेतले दोन शब्द आपल्या सह्याद्रीतही आहेत, हे मला परत आल्यावर आठवलं. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दख्खनच्या बसाल्टचे थर शिकवताना लाव्हाचे दोन प्रकार सांगतात: दोरासारख्या वळ्या पडलेला, गुळगुळीत “पाहोएहोए” आणि खडबडीत, तुकड्या-तुकड्यांचा “आ”. दोन्ही नावं हवाईयन आहेत. पश्चिम घाटाच्या कातळांत पहिला प्रकार भरपूर आहे. दुसऱ्या शब्दाचा मूळ उच्चार ’अ’आ. दोन अक्षरं, दोन्हींच्या आधी ओकिना, शेवटचा स्वर दीर्घ. इंग्रजी पुस्तकांनी त्यातली व्यंजनं काढून टाकली आणि नुसते स्वर उरले. एका व्यंजनव्यवस्थेचा तो एवढासा तुकडा आपल्याकडेही अर्धाच येऊन पोहोचला आहे.

निघायच्या आदल्या दिवशी आंटी चहाला आल्या. लानइवर. येताना त्यांनी एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून एक पत्र आणलं होतं. त्यांच्या पणजीने तिच्या बहिणीला लिहिलेलं. घरात भाषा आजीपर्यंत होती. आई इंग्रजीतच वाढली, आणि आंटी चाळिशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गाला जाऊन शिकल्या. हे पत्र वाचता यावं, एवढ्यासाठीच शिकले, असं त्या म्हणाल्या.

पत्र सुवाच्य होतं. रेषा सरळ, अक्षर शाळेत गिरवलेलं. पण सगळं जुन्या रीतीने, ओकिना नाही, कहकोऽ नाही. शेवटच्या ओळीत दोन शब्द होते: “कोउ अलोह”. अलोह म्हणजे प्रेम.

“कोउ असेल तर तुझं प्रेम,” आंटी म्हणाल्या. “को’उ असेल तर माझं. ती बहिणीला आपलं प्रेम पाठवत होती, की बहिणीच्या प्रेमाची आठवण काढत होती? आधीचं वाक्य फाटलंय. दोन्ही अर्थ बसतात. माझ्या शिक्षकांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही.”

“तिच्या बहिणीला कळलं असेल,” मी म्हटलं.

“हो ना. तिला वाचतानाच ऐकू आलं असेल.”

त्यांनी ती ओळ दोन्ही प्रकारे मोठ्याने म्हणून दाखवली. या खेपेला मला फरक लगेच ऐकू आला. मग पत्र पाकिटात घालून त्यांनी चहाचा कप उचलला.